मासवडी, माडगं आणि मेघाचे सासरे

मी पिंपरी-चिंचवडला खायला चालले आहे, असं सांगितल्यावर कोल्हापुरातल्या आमच्या शेजारच्या काकू भाजी निवडता निवडता थांबल्या. "खायला?" त्या म्हणाल्या. "तिकडं लोक नोकरीला जातात."

त्यांचं चुकत नव्हतं. खाण्याबद्दल लिहिणारी माणसं लखनौला जातात, केरळात जातात, अगदीच कुठे जमलं नाही तर गोव्याला जातात. मला मात्र संपादकांनी सांगितलं होतं की कारखान्यांच्या पट्ट्यात सध्या 'शेतातून थेट ताटात' नावाचं वारं सुटलं आहे, तिथली हॉटेलं, गोडधोड आणि ताजा भाजीपाला बघून या आणि लिहा. त्यांना यात काहीतरी नवं दिसत होतं. मला एवढंच दिसत होतं की माझी मामेबहीण मेघा पिंपळे सौदागरला राहते, म्हणजे राहण्याचा खर्च मागावा लागणार नाही.

कोल्हापूरचा माणूस परगावी खायला जातो तेव्हा तो मुळात आपलं कसं चांगलं आहे हे तपासायला जातो. मी पिशवीत घरचा कांदा-लसूण मसाला घेतला होता. गरज पडेलच, अशी खात्री होती.

पिंपळे सौदागर

मेघाचं घर सातव्या मजल्यावर. तिचा नवरा नितीन तळवड्याच्या आयटी पार्कात कामाला, ती स्वतः एका शाळेत गणित शिकवते. तिसरे मेघाचे सासरे, अण्णा. सत्तरी ओलांडलेले, ताठ, इस्त्रीचा बुशशर्ट घरातही घालणारे. पन्नासेक वर्षांपूर्वी बार्शीकडून इकडे आले, एका मोठ्या कंपनीत लागले आणि टूलरूमचे फोरमन म्हणून निवृत्त झाले. सहा वर्षांपूर्वी त्यांची पत्नी गेली. तेव्हापासून ते कमी बोलतात, असं मेघानं मला आधीच फोनवर सांगून ठेवलं होतं, म्हणजे मी गैरसमज करून घेऊ नये.

अण्णांना मधुमेह. मेघा त्या बाबतीत फार कडक. रात्री आम्ही तिघं पोळी-भाजी, वरण-भात जेवत होतो आणि अण्णांच्या पुढे ओट्सचा उपमा होता. ते तो मान खाली घालून खात होते.

"पथ्य इतकं पाळतात, तरी साखर उतरत नाही," मेघा म्हणाली. "डॉक्टरसुद्धा चक्रावलेत."

"शरीराचं काही सांगता येत नाही," अण्णा म्हणाले, आणि वाटी धुवायला उठले.

मला फिरवायची जबाबदारी कुणी घ्यायची हा प्रश्न निघाला. नितीनला मीटिंगा होत्या, मेघाला शाळा. मी रिक्षानं जाईन म्हणत होते तेवढ्यात आतून आवाज आला, "मी नेईन की. गाडी नुसती उभीच आहे."

मेघा आणि नितीननं एकमेकांकडे बघितलं. अण्णा मंगळवारी आणि शुक्रवारी चाकणला निवृत्त कामगारांच्या बैठकीला बसनं जात, तेवढं सोडलं तर ते फारसे बाहेर पडत नसत.

"अण्णा, हॉटेलांत जायचंय," मेघा म्हणाली. "खायचं काही नाही. फक्त सोबत."

"फक्त सोबत," अण्णा म्हणाले.

रहाटणी आणि आसपास

पहिल्या दिवशी आम्ही जवळपासच हिंडलो. या भागात एक गंमत आहे. इथली माणसं बाहेरून आलेली, कुणी लातूरची, कुणी जळगावची, कुणी कोकणातली, आणि प्रत्येकाच्या गल्लीत त्याच्या गावाचं एक हॉटेल निघालेलं आहे. एका चौकात उभं राहिलं की शेवभाजी, मालवणी थाळी, सोलापुरी शेंगाचटणी आणि हैदराबादी बिर्याणी यांच्या पाट्या एकदम दिसतात. 'अस्सल कोल्हापुरी' या नावाचीही तीन हॉटेलं दिसली. एकात शिरले. पांढरा रस्सा गोड होता. मालकाला विचारलं, तुम्ही कोल्हापुरात कुठले? तो म्हणाला, "आम्ही नांदेडचे. पण आचारी साताऱ्याचा आहे." म्हणजे अर्ध्या वाटेपर्यंत ते पोचले होते.

अण्णा समोर बसून पाणी पीत होते. प्रत्येक पदार्थ आला की ते चष्मा वर करून तो तपासत, पण हात लावत नसत. मोठ्या गृहसंकुलाच्या तळमजल्यावर एक कॅफे होता, भिंतीवर नांगर टांगलेला. तिथं 'फार्म-फ्रेश' कोशिंबीर मागवली. पाटीएवढ्या ताटात चार पानं, दोन टोमॅटोच्या चकत्या आणि एक फूल आलं. फूल खायचं असतं, असं वाढणाऱ्या मुलीनं सांगितलं.

"शेत कुठे आहे तुमचं?" मी विचारलं.

तिनं खिडकीकडे बोट केलं. तिथं चार कुंड्या होत्या.

"ड्रॉइंग चांगलं आहे," अण्णा बाहेर आल्यावर म्हणाले. "माल नाही."

गोडाचं तर विचारू नये. एका दुकानात पुरणपोळीचा चीजकेक होता. दुसऱ्यात पानाचा विडा धुरासकट देत होते. तो तोंडात टाकला की नाकातून वाफा येतात आणि सोबतची माणसं फोटो काढतात. मी टाकला. अण्णांनी फोटो काढला नाही. त्यांनी फक्त विचारलं, "लागलं का काही?" मी खरं सांगितलं की काही लागलं नाही, जीभ बधिर झाली आहे.

संध्याकाळी मी लिहायला बसले आणि लक्षात आलं की दिवसभर खाल्लं खूप, पण लिहायला चव एकाचीही आठवत नाही. अण्णा गॅलरीत उभे होते. न वळता म्हणाले, "उद्या चाकणकडे जाऊ. तिकडे शेतातली हॉटेलं आहेत."

तळवडे ओलांडून

तळवडे सोडून इंद्रायणी ओलांडली की जगच बदलतं. काचेच्या इमारती संपतात आणि कंपन्यांच्या लांबच लांब भिंती सुरू होतात. भिंत, गेट, भिंत, गोदाम, मध्येच कांद्याच्या रानाचा एक तुकडा, त्यात वाकलेली दोन माणसं, मग पुन्हा भिंत. आमच्याकडे ऊस दिसतो, इथे कंटेनर. त्या कंटेनरांच्या रांगेत आम्ही किती वेळ होतो ते लिहीत नाही, ज्यांनी तो रस्ता पाहिला आहे त्यांना कळेल.

संपादकांनी सुचवलेलं हॉटेल रस्त्यापासून आत होतं. नाव देत नाही. दारात बैलगाडी होती, बैल नव्हते. आत शिरताच एका माणसानं माझ्या डोक्यावर फेटा ठेवला. तो सैल होता, मी वाकल्याबरोबर तो थेट दारातच ठेवलेल्या सोलकढीच्या भांड्यात पडला. त्यानं तो पिळून दुसऱ्या बाईंच्या डोक्यावर ठेवला. आम्ही बाजेवर बसलो. बाजेवर बसून ताटात जेवता येत नाही, हे बाज वापरणाऱ्या पिढीला माहीत होतं म्हणूनच ती जमिनीवर बसून जेवायची.

मी हात धुवायला मागे गेले तेव्हा तिथं एक टेम्पो उभा होता. बाजारातून आलेली वांगी प्लॅस्टिकच्या क्रेटमधून काढून वेताच्या टोपल्यांत भरणं चाललं होतं. मला बघून तो माणूस जरा थांबला.

"शेतातली आहेत ना?" मी विचारलं.

"शेतातलीच हायेत की ताई," तो म्हणाला. "वांगी दुसरीकडं कुठं येतात?"

परत आले तर अण्णा चुळबुळत होते. जेवण वाईट नव्हतं, पण तेच वांगं, तोच पिठल्यावर तरंगणारा तेलाचा तवंग आणि शेजारच्या बाजेवर कुणाच्या तरी वाढदिवसाचा स्पीकर. मी दोन घास खाऊन ताट सारलं.

"वसुधाताई," अण्णा म्हणाले. त्यांनी मला पहिल्यांदाच नावानं हाक मारली होती. "जवळच एक जागा आहे. दिसायला काही नाही. पण तुम्ही बघायला हवी."

चाकणच्या अलीकडे

एका कंपनीच्या भिंतीला लागून पत्र्याची शेड होती. पाटी नव्हती. बाहेर मोटरसायकली आणि आतल्या बाकांवर गणवेशातली माणसं, काहींच्या गळ्यात अजून ओळखपत्रं. पहिली शिफ्ट सुटली होती. शेडच्या मागे एकरभर रान, त्यात मेथी, वांगी, कांदा, आणि पलीकडे विहीर. चुलीवर दोन बायका भाकरी करत होत्या. तव्यावरून भाकरी उतरली की तिचा वास भिंतीच्या पलीकडल्या कंपनीपर्यंत जात असणार.

अण्णा बाकावर बसले नाहीत. ते सरळ आत गेले, मांडणीवरून एक ताट उचललं, मागच्या नळावर हात धुतले, विहिरीवरच्या पाण्याच्या मोटारीकडे एक नजर टाकली आणि परत येताना माझ्यासाठीही ताट घेऊन आले. एक तरुण कामगार म्हणाला, "अण्णा, आज गुरुवारी कसे? तुमचा वार मंगळवार-शुक्रवार."

अण्णा खाकरले. मी ताटाकडे बघितलं.

मग त्या आल्या. साठीच्या पुढच्या, नऊवारी खोचलेली, कपाळावर काही नाही, हातात वाढण्याचं भांडं. त्यांचं नाव इंदूबाई. त्यांनी अण्णांच्या ताटात न विचारता वाढलं आणि मग माझ्याकडे वळल्या.

"पाव्हन्या कुठल्या?"

"कोल्हापूरच्या. सुनेच्या बहीण," अण्णा म्हणाले. "खाण्यावर लिहितात."

"कोल्हापूरच्या व्हय? मग तिखट चालंल."

"चालेल काय," मी म्हणाले. "जरा जास्तच वाढा."

ताटात मासवडी होती. नावावरून मासे समजू नयेत. घट्ट शिजवलेलं बेसन थापायचं, त्यात खोबरं, तीळ, लसूण यांचं भाजलेलं सारण भरून वळायचं आणि वड्या कापायच्या. आकार मासळीसारखा, म्हणून नाव. खेड-जुन्नरकडची ही करामत. सोबत काळसर रस्सा, भाकरी, कांदा. मी वडी रश्शात बुडवून खाल्ली आणि दुसरी घेतली. रस्सा वाटीनं प्यायले. तिसऱ्या घोटाला उचकी लागली. अशी लागली की बाकावरचे सगळे वळून बघू लागले. मी हातानं खुणा करून सांगत होते की तिखटाची नाही, घाईची आहे. इंदूबाईंनी माझ्यापुढे ताकाचा तांब्या ठेवला. माझा पिशवीतला मसाला पिशवीतच राहिला.

शेवटी त्यांनी वाटीत माडगं आणलं. हुलग्याचं पीठ खमंग भाजून, गूळ आणि दूध घालून शिजवलेलं, वर तुपाचा थेंब. रंग मळकट, फोटो काढावा असं त्यात काही नाही. कालपासून जे गोड मी शोधत होते ते हे होतं. अण्णांची वाटी माझ्या वाटीपेक्षा मोठी होती. डॉक्टर का चक्रावले होते ते माझ्या ध्यानात आलं.

"फोरमन," इंदूबाई त्यांना म्हणाल्या, "मोटर पुन्यांदा आवाज करतीया."

"शुक्रवारी बघतो म्हणालो होतो ना."

"आज आलाय तर आज बघा की."

आणि सातव्या मजल्यावर मान खाली घालून उपमा खाणारा माणूस बाही दुमडून उठला आणि विहिरीकडे चालू लागला. चालता चालता इंदूबाईंना ती मोटर कशी घासते आहे, बेअरिंग कसं गेलं आहे, हे सांगत होता. मागून इंदूबाई "व्हय, व्हय" म्हणत होत्या, पण ऐकत होत्या असं वाटलं नाही. त्या मेथी खुडत होत्या.

निघताना मी त्यांना म्हणाले की मी या जागेवर लिहीन, पत्ता देईन.

"नका लिहू," त्या म्हणाल्या.

"का? लोक येतील."

"तेच की. ही पोरं हायेत, त्येंचं पोट भरतंय, माझं बी भरतंय. आनखी लोकं आली का मग त्या फेटेवाल्यांवानी करावं लागंल."

माझ्या आयुष्यात पहिल्यांदा कुणी हॉटेलवाल्यानं माझी स्तुती नाकारली होती. म्हणून इथंही पत्ता नाही.

परतताना नदीच्या पुलावर अण्णा म्हणाले, "बैठक नसते."

"समजलं मला."

"दोन वर्षं झाली. एका जुन्या कामगाराबरोबर जेवायला गेलो होतो." ते रस्त्याकडे बघत होते. "त्या एकट्याच आहेत. मुलगी आहे, जुन्नरकडे दिलेली. मी असं म्हणत होतो... घरी तीन खोल्या आहेत. त्या आल्या तर कुणाला अडचण व्हायची नाही. लग्न करून, रीतसर. मेघाला तुम्ही सांगाल का? तुमचं ती ऐकते."

आमच्या घराण्यात माझं कुणीच ऐकत नाही, पण ही वेळ ते सांगायची नव्हती. "इंदूबाईंना विचारलंत?" मी म्हणाले.

"आधी घरातलं ठरू दे," अण्णा म्हणाले. "त्या काय, हो म्हणतील."

पुन्हा चाकणच्या अलीकडे

मी मेघाला काही सांगितलं नाही. दोन दिवस मी योग्य वेळ शोधत होते, म्हणजे टाळत होते. मग एक सोपी वाट सापडली. रविवारी मी तुम्हा सगळ्यांना जेवायला नेते, असं जाहीर केलं. ताट समोर आलं की माणूस निम्मा राजी होतो, हा माझ्या धंद्याचा पायाच आहे.

रविवारी शेड अर्धी रिकामी होती. मेघानं बसण्यापूर्वी बाक रुमालानं पुसला. नितीन फोनवर होता, अण्णा त्याला बोट दाखवून विहिरीवरच्या मोटारीचं काहीतरी सांगत होते. इंदूबाई आल्या, सगळ्यांना वाढलं, आणि अण्णांच्या ताटातला कांदा काढून मिरचीच्या ठेच्याजवळ गूळशेंगदाण्याचा लाडू ठेवला. त्यांनी ते इतक्या सहज केलं की दुसऱ्या कुणाच्या लक्षातही आलं नसतं. मेघाच्या आलं. ती गणित शिकवते.

"अण्णा कांदा खात नाहीत हे यांना कसं माहीत?" तिनं मला हळूच विचारलं.

मी भाकरी मोडत राहिले.

"अण्णा," मेघा म्हणाली, "बैठक इथंच असते का?"

नितीननं फोन खाली ठेवला. अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला, हात पुसले आणि बसल्या जागी ताठ झाले. मला वाटलं ते मला खुणावतील. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही.

"हो," ते म्हणाले. "आणि मला इंदूबाईंशी लग्न करायचं आहे. तुम्हा दोघांना विचारायचं होतं. आज विचारतो."

चुलीवरची बाई भाकरी थापायची थांबली. मेघाचा चेहरा लाल झाला. तिच्या मनात काय काय आलं असेल ते मला दिसत होतं. सोसायटी, बार्शीची भावकी, शाळेतल्या बायका. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

"यांना मधुमेह आहे," ती इंदूबाईंना म्हणाली. "आणि तुम्ही लाडू घालताय?"

"मला कुठं म्हाईत?" इंदूबाई म्हणाल्या. त्यांनी अण्णांकडे बघितलं. "तुमी कधी बोलला न्हाई."

"विषय निघाला नाही," अण्णा म्हणाले.

इंदूबाईंनी लाडू उचलला आणि माझ्या ताटात ठेवला. मग पदरानं हात पुसत त्या बाकाच्या टोकाला बसल्या. "आनि लगनाचं म्हनाल तर ते बी तुमी मला बोलला न्हाई."

"आता बोललो."

"सगळ्यांना बोलला. मला न्हाई." त्या रागावल्या नव्हत्या. "फोरमन, तुमी आलात का बरं वाटतं. पर मी येनार न्हाई तिकडं. सातव्या मजल्यावर मी काय करू? हितं पोरं जेवत्यात. ही जमीन, येवढीच राह्यलीय, बाकी समदी भिंतीच्या पलीकडं गेली. ती सोडून मी लिफ्टमधी बसून वर-खाली करू?"

"तसं नव्हे," अण्णा म्हणाले.

"तुमाला यायचं तर या हितं," इंदूबाई म्हणाल्या, आणि वाढण्याचं भांडं घेऊन दुसऱ्या बाकाकडे गेल्या.

हे कुणीच धरलेलं नव्हतं. मेघानं नाही, मी नाही, अण्णांनी तर मुळीच नाही. बाईनं यायचं असतं, एवढं आम्ही सगळ्यांनी न बोलता ठरवून टाकलं होतं. त्यानंतर आम्ही जेवलो, कारण ताटं वाढलेली होती. अण्णा जेवले नाहीत. ते उठून मोटारीकडे गेले आणि ती चालू आहे का बघत उभे राहिले. ती व्यवस्थित चालू होती.

पिंपळे सौदागर

संध्याकाळी मेघा स्वयंपाकघरात आपटाआपट करत होती. मला वाटलं, आता सासऱ्यांची चूक निघेल. पण तिचा राग भलतीकडेच गेला होता.

"नाही म्हणायला काय झालं त्यांना?" ती म्हणाली. "निर्व्यसनी माणूस. पेन्शन आहे. घर आहे. आवाज चढवून कुणाशी बोलत नाहीत. आमच्या अण्णांना नाही म्हणतात म्हणजे काय?"

"तुला लग्न पसंत आहे?" मी विचारलं.

"मुळीच नाही. लोक काय म्हणतील?" तिनं कढई विसळली. "पण त्यांनी नाही म्हणायचं कारण नव्हतं."

नितीन गॅलरीत होता. मी चहा घेऊन गेले. तो खालच्या पार्किंगकडे बघत होता.

"ताई, आई गेल्यापासून अण्णा जेवताना बोलत नाहीत," तो म्हणाला. "मला वाटायचं वय झालं. आज तिथं सुरुवातीला बोलत होते बघ, त्या मोटारीबद्दल काहीतरी. काय बोलत होते ते मी ऐकलंच नाही. बोलतायत एवढंच बघत होतो."

तो चहा प्यायला नाही.

अण्णांनी खोलीचं दार लावून घेतलं होतं. सकाळी ते दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले, गॅलरीत गेले आणि फोन लावला. चाळीस वर्षं यंत्रांच्या आवाजात काढलेला माणूस फोनवर हळू बोलू शकत नाही. आम्ही तिघं दिवाणखान्यात बसून, न ऐकल्याचा आव आणून, पोहे खात होतो. शेजारच्या गॅलरीतल्या बाईंनी कपडे वाळत घालायचे थांबवले होते.

"इंदूबाई, मी बोलतोय. हो. नाही, मोटारीचं नाही." मग त्यांनी गॅलरीचा कठडा धरला. "मी तिकडे आलो तर चालेल का? राहायला."

मेघानं चमचा खाली ठेवला.

"किती? एक महिना? बरं. मग बघू म्हणताय. बरं." पलीकडचं ऐकत त्यांनी मान हलवली. "चुलीवरचं पाणी चालेल. हो, गार पाण्यानंही करीन. नाही, भाजी निवडता येत नाही, शिकेन. भांडी घासतो मी. इथं माझी मीच धुतो. लाडू? नको, लाडू नको. हो, माडगंही नको. बिनगुळाचं? ते कसं लागेल? बरं. चालेल."

ते आत आले. त्यांच्या तोंडावर जे होतं ते मी एकदाच बघितलं आहे, माझ्या भाच्याला पहिली नोकरी लागली तेव्हा.

"घेतलं," अण्णा म्हणाले. "महिनाभर प्रोबेशन."

"आणि महिन्यानं कायम केलं नाही तर?" नितीननं विचारलं.

"तर परत येईन. ही जागा सुटणार नाही ना?"

मग मेघा उठली, आत गेली, आणि आतूनच म्हणाली, "खोली तशीच राहील. कुणाला देणार आहोत?"

त्यांची पिशवी लहान होती. दोन शर्ट, पायजमे, गोळ्या, आणि जड असं काहीतरी एका फडक्यात गुंडाळलेलं, बहुधा पाने-पक्कड. मेघानं साखर मोजायचं यंत्र त्यांच्या हातात दिलं, ते कसं वापरायचं ते दोनदा समजावलं, आणि तिसऱ्यांदा सांगता सांगता त्यांच्या पिशवीची चेन लावली. नितीन म्हणाला मी सोडतो. अण्णा म्हणाले बस आहे, नोकरीला मी बसनंच जात आलो आहे.

आम्ही तिघं लिफ्टपर्यंत गेलो. ते आत शिरले आणि आमच्याकडे तोंड करून उभे राहिले.

"रविवारी या सगळे जेवायला," ते म्हणाले. मग जरा विचारात पडले. "म्हणजे, मी आधी त्यांना विचारतो."

आणि लिफ्टचं दार लागलं.